हुपरीकरांच्या गाडीतला आवाज

हुपरीकरसाहेब गाडी चालू असताना कुणाला बोलू द्यायचे नाहीत. जे. पी. नगरहून निघालो की महादेवपुऱ्याच्या पलीकडे आमचं संशोधन केंद्र येईपर्यंत गाडीत फक्त इंजिन बोलायचं. मागच्या सीटवर बसणारे रामोजीराव गप्प बसण्यासाठी जन्माला आलेले नव्हते. ते मधूनच "अण्णा, ते बघा की," अशी सुरुवात करायचे. हुपरीकर स्टिअरिंगवरचा डावा हात वाहतूक पोलिसासारखा वर उचलायचे आणि रामोजीराव उरलेलं वाक्य खिडकीबाहेर बघत गिळून टाकायचे.

मी तेव्हा नागपूरहून नुकतीच आले होते. बंगळुरात अजून पंखा न लावता झोपता यायचं, ते दिवस. केंद्रात मला हुपरीकरांच्या हाताखाली नोकरी लागली आणि योगायोगाने खोली मिळाली ती त्यांच्या समोरच्याच घरात, वरच्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "तीन बसा बदलत कशाला येतेस? गाडीत जागा आहे." तेव्हापासून ऑफिसात ते मला 'सर' आणि घरी 'काका'. त्यांच्या पत्नी विमलाबाई मात्र पहिल्यापासून काकूच. आजूबाजूचे कन्नड शेजारी त्यांना विमलाक्का म्हणत.

रामोजीराव भांडार विभागात होते. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. मराठी घरातली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही दिवस मला निम्मंच कळायचं. "स्वल्प सरका की अक्का," असं ते मला म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते.

आमच्या विभागाचं काम यंत्रांचे आवाज आणि कंपनं मोजण्याचं. बाहेरच्या कारखान्यांतून पंप, मोटारी, गिअरपेट्या यायच्या. त्या चालवून बघायच्या आणि दोष कुठे आहे ते लिहून द्यायचं. मोजणीची यंत्रं होतीच, पण केंद्रात मान होता तो हुपरीकरांच्या कानाला. उंच, खांद्यांत थोडा वाकलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला हा कोल्हापूरकडचा माणूस खोलीत आला की आधी डोक्यावरचा पंखा बंद करायचा. मग यंत्राभोवती एक फेरी. मग खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. तेवढ्यात कुणी काही बोललं तर म्हणायचे, "आधी गप्प बसा, मग सांगा."

आवाजांना त्यांनी नावं ठेवलेली होती आणि ती सगळी स्वयंपाकघरातली. नवीन बेअरिंगचा आवाज 'कच्चा'. तेल कमी पडलेल्याचा 'करपलेला'. दाते झिजलेल्या गिअरपेटीचा 'वरवंट्याचा'. एकदा होसकोट्याच्या एका कारखान्याचे मालक आम्हाला आपला पंप दाखवायला घेऊन गेले. सगळी मोजमापं ठीक येत होती, तरी पंप महिन्याभरात बंद पडायचा. हुपरीकरांनी पंपाला नुसता तळवा लावला, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याचा पाया खोटा आहे. पंप चांगला आहे." मालक चिडले. पंप बसवायचा चौथरा आतून पोकळ निघाला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना म्हैसूरपाक पाठवला.

त्या वेळी मला वाटलं, केवढा हा कान. त्यांनी तळवा लावला होता आणि कान लावलाच नव्हता, हे लक्षात यायला मला फार उशीर लागला.

*

त्यांच्या घरात कुणी बोलत नसे.

भांडण होतं असं नाही. मी संध्याकाळी भांडं परत द्यायला किंवा फोन करायला गेले की दोघं असायचे. काका खुर्चीत, काकू स्वयंपाकघरात. जेवण झालं की काकू ताट टेबलावर ठेवायच्या आणि बोटांनी टेबलावर दोनदा टकटक करायच्या. काका उठून यायचे. जेवताना मीठ हवं असलं तर हात पुढे करायचे. दिवाणखान्यात एक मोठा रेडिओ होता, त्यावर विणलेला रुमाल घातलेला आणि त्या रुमालावर त्यांच्या मुलाचा, अभयचा फोटो. तो रुमाल काढल्याशिवाय रेडिओ लावता आला नसता.

अभय इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी बंगळुरात येण्याच्या आदल्या वर्षी तो काविळीने गेला. हे मला रामोजीरावांनी सांगितलं, केंद्राच्या कँटीनमध्ये, हलक्या आवाजात. "तेव्हापासून अण्णा असेच. बेल वाजवली तर दार उघडत नाहीत. फाटक बडवावं लागतं. माणूस आतनं बंद झाला की."

आम्हा सगळ्यांची तीच समजूत होती. ते हाक मारली तर वळत नाहीत, कारण मुलगा गेला. सभेत प्रश्न विचारला तर भलतंच उत्तर देतात, कारण मुलगा गेला. गाडीत बोलू देत नाहीत, कारण मुलगा गेला. एवढं मोठं कारण समोर असल्यावर दुसरं कारण कुणी शोधत नाही.

काकू माझ्याशी अभयबद्दल एकदाच बोलल्या. थंडीचे दिवस होते, बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागले होते, आणि आम्ही त्यांच्या मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. काकूंचा हात थांबला नाही, आवाजही वर-खाली झाला नाही.

"शेवटी शेवटी त्याला हाक मारायचंही त्राण नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून देवाची लहान घंटा उशाशी ठेवली होती. काही लागलं तर वाजव म्हटलं. एका दुपारी मी औषध आणायला गेले. हे घरी होते, शेजारच्या खोलीत. मी परत आले तर पोर खाटेखाली पडलेलं. पाण्यासाठी उठायला गेला होता. हातात घंटा तशीच. आणि हे तिकडे पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तेव्हा उठून आले."

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

"पोर मला म्हणालं, आई, मी किती वेळ वाजवतोय."

शेंगांचा ढीग संपत आला होता. काकूंनी सालं सुपात गोळा केली.

"पडल्यामुळे गेला नाही तो. डॉक्टर म्हणाले, त्याचा संबंध नाही. नसेल. पण घंटा वाजत असताना माणूस पेपर वाचत बसतो, त्याच्याशी काय बोलायचं?"

"काकांना विचारलं नाहीत तुम्ही?"

"काय विचारू?" त्या म्हणाल्या आणि दाणे धुवायला आत गेल्या.

*

गाडीतला आवाज उन्हाळ्यात सुरू झाला.

गाडी जुनी होती, निवृत्त होऊन गावी गेलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली, राखाडी रंगाची. हुपरीकर तिला दर रविवारी स्वतः धुवायचे आणि समोरची काच वर्तमानपत्राने पुसायचे. ती चालू केली की बॉनेटखालून एक बारीक फुसफुस यायला लागली. सिग्नलला गाडी थांबली की स्पष्ट ऐकू यायची. वेग घेतला की इंजिनाच्या घरघरीत बुडून जायची. पहिल्या दिवशी मी रामोजीरावांकडे वळून बघितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, मग हुपरीकरांच्या पाठीकडे बोट दाखवून खांदे उडवले.

संध्याकाळी केंद्राच्या आवारात हुपरीकर गाडी आणायला गेलेले असताना ते म्हणाले, "फुस्स करतंय की ते."

"सरांना सांगू या का?"

"अण्णांना? आवाजाबद्दल अण्णांना आपण सांगायचं?" रामोजीराव हसले. "त्यांना ऐकू आलं नसेल होय? ते काही बोलत नाहीत म्हणजे काळजीचं नसणार."

मलाही ते पटलं. ज्यांच्या कानावर कारखाने विश्वास ठेवतात, त्यांच्या गाडीत आपण कसला आवाज सांगायचा? पावसाळा आला, आवाज तसाच. थोडा वाढला असेल. आम्हाला त्याची सवय झाली.

केंद्रातही काही गोष्टी बदलत होत्या, पण हळूहळू. पूर्वी सुईकडे न बघणारे हुपरीकर आता मला म्हणायचे, "वरच्या पट्टीतले आकडे तू वाच." मी आकडे वाचायचे, ते कागदावर लिहून घ्यायचे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "पुन्हा सांग." मला वाटायचं, माझी नागपुरी मराठी त्यांना कळत नसावी. मी सावकाश बोलायला शिकले.

मग तो दिवस आला. सकाळी आम्ही महादेवपुऱ्याजवळ पोचलो होतो. पुढे विटांचा टेम्पो होता. टेम्पो थांबला आणि हुपरीकरांनी ब्रेक दाबला. गाडीचा वेग कमी झाला, पण गाडी थांबली नाही. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचं पाऊल पेडलवर होतं, गुडघा ताठ होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ते उभं राहिल्यासारखे पेडलवर रेलले होते आणि गाडी तशीच पुढे जात होती. मग टेम्पोची मागची फळी समोर आली.

धडक मोठी नव्हती. बॉनेटचं टोक दबलं, दिव्याची काच फुटली. रामोजीरावांचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं आणि भुवईतून रक्त यायला लागलं. टेम्पोवाला उतरून कन्नडमध्ये ओरडू लागला, माणसं जमली. हुपरीकर गाडीतून उतरले, रामोजीरावांच्या भुवईवर स्वतःचा रुमाल दाबला आणि म्हणाले, "पेडल दगड झालं." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, पश्चात्ताप नव्हता, काहीच नव्हतं. मोजणीचा निकाल सांगावा तसं.

"अण्णा," रामोजीराव रुमालाखालून म्हणाले, "त्या आवाजाचाच काही तरी संबंध असणार."

हुपरीकरांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "कसला आवाज?"

"तो की. फुस्स करतो तो."

"कुठे?"

"गाडीत."

गाडी तशीच चालू होती. बॉनेटखालून आवाज येत होता, त्या दिवशी तर टायरमधून हवा सुटावी इतका मोठा. टेम्पोवाल्यालाही ऐकू येत असणार. हुपरीकर बॉनेटसमोर उभे होते. त्यांनी कान कलता केला. मग माझ्याकडे वळले.

"तुला येतोय?"

"हो सर."

"आत्ता येतोय?"

"हो."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," मी म्हणाले.

त्यांनी वाकून फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा केल्या, रस्त्याच्या कडेला नेऊन टाकल्या आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

*

संध्याकाळी त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये, पायी चालल्यासारखी घरी आणली. रामोजीराव टाके घालून रिक्षाने गेले होते. मी सोबत होते. फाटकात काकू उभ्या होत्या. दबलेलं बॉनेट त्यांनी बघितलं, पण काय झालं ते विचारलं नाही. हुपरीकर उतरून थेट त्यांच्यासमोर गेले.

"गाडीत आवाज येतो?"

"येतो," काकू म्हणाल्या.

"तुलाही येतो?"

"गाडी गल्लीत वळली की मला स्वयंपाकघरात कळतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तसा."

"मग सांगितलं का नाहीस?"

काकू आत जाता जाता म्हणाल्या, "आपण बोलतो कुठे?"

हे त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. हुपरीकरांना ते ऐकू आलं नाही. मी मध्ये उभी होते, मला आलं.

रविवारी सकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेले तेव्हा गाडीचं बॉनेट उघडं होतं. हुपरीकरांनी मला हात केला. "स्टिअरिंगपाशी बस. मी सांगेन तेव्हा चालू कर, सांगेन तेव्हा बंद." त्यांच्या हातात बागेला पाणी घालायच्या नळीचा एक हातभर तुकडा होता. मला बसवून ते घरात गेले आणि काकूंना घेऊन आले. काकूंच्या हाताला कणीक लागलेली होती.

पुढचं सगळं मी काचेतून बघितलं. बॉनेट उघडं असल्यामुळे त्यांचे चेहरे दिसत नव्हते. बॉनेट आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून दिसत होते ते फक्त त्यांचे हात आणि काकूंच्या निळ्या लुगड्याचा पदर. आवाज मात्र सगळे येत होते.

"चालू कर," हुपरीकर म्हणाले. इंजिन चालू झालं. फुसफुस सुरू झाली.

"येतोय?"

"येतोय."

"इंजिन अजून गार आहे. म्हणजे वाफ नाही. रेडिएटर नको बघायला." ते नेहमी मला समजावत तसंच सांगत होते, फक्त या वेळी काकूंना. "हवा आहे. कुठून तरी बाहेर जातेय किंवा आत जातेय. हे टोक कानात धर. दुसरं टोक मी फिरवतो. कुठे मोठा होतो ते सांग."

नळीचं एक टोक वर गेलं, दिसेनासं झालं. त्यांचा हातही त्याच्याबरोबर वर गेला. ते बहुधा काकूंच्या कानावरचे केस बाजूला करत असावेत. दुसऱ्या हाताने नळीचं खालचं टोक ते इंजिनावरून सरकवू लागले, डॉक्टर छातीवरून नळी फिरवतो तसं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"थोडा."

"काय?"

"थोडा."

पंख्याच्या गोंगाटात त्यांना काकूंचं बोलणं कळत नव्हतं. ते पुन:पुन्हा "काय?" म्हणत होते. मग काकूंनी हाताने खुणा करायला सुरुवात केली. कणकेने भरलेला तळवा फटीत दिसायचा. आडवा हलला म्हणजे नाही. बोटं उघडली म्हणजे वाढतोय. नळीचं टोक कार्ब्युरेटरच्या बाजूने खाली गेलं, मागे आलं, पुन्हा खाली गेलं. काकूंची बोटं उघडली, आणखी उघडली, आणि मग त्यांनी झटकन हुपरीकरांचं मनगट धरलं.

"इथे. इथेच."

हुपरीकरांनी नळी बाजूला ठेवली आणि आत हात घातला. इंजिनापासून ब्रेककडे जाणारी जाड रबरी नळी होती. जिथे ती इंजिनाला जोडलेली होती, तिथे खालच्या बाजूने तिला लांब चीर गेली होती. वरून बघितलं तर दिसलीच नसती.

"ब्रेकची आहे," हुपरीकर म्हणाले. "इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा जोर ब्रेकला मिळतो. इथून बाहेरची हवा आत शिरतेय. म्हणून पेडल दगड." त्यांनी चिरेवर बोट ठेवलं. फुसफुस थांबली, इंजिनाची थरथर बदलली. "आता?"

"थांबला."

बोट उचललं. "आता?"

"आला."

पुन्हा ठेवलं. "आता?"

"थांबला."

हे त्यांनी किती तरी वेळा केलं. दोष सापडला होता, आणखी खात्री करायची गरज नव्हती. त्यांना दुसरंच काही तरी तपासायचं होतं. बोट उचलायचं, ठेवायचं आणि दर वेळी काकूंनी सांगायचं, आहे किंवा नाही. त्यांच्यासाठी दोन्ही वेळा सारखंच होतं.

"तुम्हाला खरंच येत नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"एवढा मोठा?"

"नाही."

काकूंचा हात गाडीच्या कडेवर होता. कणीक वाळून बोटांवर पांढरी झाली होती. इंजिन चालू होतं. त्या काही तरी म्हणाल्या, ते हुपरीकरांना कळलं नाही. ते "काय?" म्हणाले. मग काकू मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"अभयची घंटा ऐकू आली होती तुम्हाला?"

"कसली घंटा?"

"देवाची. उशाशी ठेवलेली. तो पडला त्या दुपारी."

हुपरीकरांनी विचारलं, "वाजवत होता?"

"बराच वेळ."

त्यांचं बोट तेव्हा चिरेवरून उचललेलं होतं. ते त्यांनी पुन्हा खाली ठेवलं. फुसफुस थांबली. त्यांनी ते तिथेच ठेवलं, उचललं नाही. मला फटीतून फक्त तो हात दिसत होता, काळा, तेलकट, जराही न हलणारा. त्याच्याशेजारी काकूंचा पांढरा हात.

"सुनीता," काकू म्हणाल्या, "बंद कर गं ते."

मी चावी फिरवली. काकू आत गेल्या. मला वाटलं, आता काका मागोमाग जातील किंवा खाली बसतील. ते उभेच राहिले. मग त्यांनी पाना घेतला, पट्टी सैल केली, नळीचं चिरलेलं टोक सुरीने सरळ कापून टाकलं. नळी तेवढी लांब होती. उरलेलं टोक पुन्हा बसवलं, पट्टी आवळली. हात नेहमीसारखे चालत होते.

"पेडल दाबून ठेव," ते मला म्हणाले. "आता चालू कर. पेडल स्वल्प खाली गेलं?"

"गेलं सर."

"मग झालं." त्यांनी घराकडे पाहिलं, दारात कुणी नव्हतं. मग मला विचारलं, "आवाज?"

"नाही, काका."

त्यांनी बॉनेट लावलं आणि नळावर हात धुवायला गेले. साबणाने बराच वेळ धूत राहिले.

*

कान तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीतलं ऐकणं बऱ्याच वर्षांपासून जात असणार. यंत्रांत काम करणाऱ्या माणसांचं असं होतं. घरघर ऐकू येते, थरथर कळते. घंटा, शिट्टी, पाखरं, दारावरची बेल ऐकू येत नाही. माणसांच्या बोलण्यातले स, श, फ गळून पडतात आणि उरलेल्यावर माणूस अंदाजाने चालतो.

"घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही?" डॉक्टरांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "नाही आलं."

दुसऱ्या दिवशी हुपरीकर संचालकांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, गेल्या काही वर्षांत मी कानाच्या भरवशावर सही केलेली कामं पुन्हा तपासून घ्या. संचालकांनी त्यांना समजवायचा प्रयत्न केला, कुणी विचारलेलं नाही, कशाला उकरून काढता. ते म्हणाले, "मी सांगितलंय." मग ते आपल्या टेबलावर येऊन बसले आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या खणात ठेवला. पुन्हा तपासलेल्यांत दोनच ठिकाणी चूक निघाली. ते ऐकूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांना ग्रंथालयात बसवलं. तिथे ते परदेशी मासिकांची सूची करत आणि दुपारी एकटे डबा खात. रामोजीराव मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन बसायचे आणि तोंड मोठं उघडून बोलायचे. "आता तरी माझं ऐका की अण्णा, केव्हापासूनचं साठलंय," म्हणायचे. हुपरीकर त्यांच्या भुवईवरच्या व्रणाकडे बघत राहायचे.

मला वाटलं होतं, घरात आता काही तरी बदलेल. गैरसमज होता, तो गेला. मी काकूंना तसं म्हणालेही. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"राग होता तोवर उठावंसं वाटायचं गं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले की तो राग असायचा. आता तोही नाही. त्यांचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही, कुणाचाच नाही. मग काय करायचं ते कळत नाही." एक धोतर झटकून त्यांनी तारेवर टाकलं. "तू बस, कॉफी करते."

काकांनीही तो विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. एकदाच, मी फोन करायला गेले होते तेव्हा, ते अभयच्या खोलीच्या दारात उभे दिसले. खाट तशीच होती. ते खाटेपासून आपल्या खुर्चीपर्यंत चालत आले, खुर्चीत बसले, आणि खाटेच्या दिशेने बघू लागले. अंतर फारसं नव्हतं. मी फोन न करताच परत आले.

पुढे त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. गाडी विकली. मी लग्न करून महादेवपुऱ्याकडे राहायला गेले. त्या भागात तेव्हा नव्या काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, पुण्या-मुंबईची मुलं भराभर येत होती, आणि मराठी आता कानावर पडायची ती इंग्रजीत बुडवलेली. जे. पी. नगरला जाणं राहून जायचं.

शेवटचं बघितलं ते असंच, रस्त्यात. त्या भागात काही कामाने गेले होते, रिक्षा सिग्नलला थांबली होती. पलीकडच्या फुटपाथवर फुलवालीपाशी दोघं उभे होते. काकू त्यांच्याकडे तोंड करून काही तरी सांगत होत्या, हात हलवत, बराच वेळ. ते मान खाली करून त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांचा शर्ट आता खांद्यांवर मोठा झाला होता. कानात यंत्र होतं की नाही ते एवढ्या लांबून दिसलं नाही.

मी रिक्षातून वाकून हाक मारली. "काकू!"

काकूंना ऐकू आली. त्या बोलता बोलता थांबल्या आणि वळल्या, पण भलत्याच बाजूला, बसथांब्याकडे. गर्दीत शोधू लागल्या. मग काकांचा दंड धरून त्यांना काही तरी सांगितलं आणि त्या बाजूला बोट दाखवलं. काकाही तिकडे बघू लागले, डोळ्यांवर हात धरून.

सिग्नल सुटला. "सरी अम्मा, कूतकोळी," रिक्षावाला म्हणाला, मी नीट बसले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ती दोघं अजून तशीच उभी होती, बसथांब्याकडे बघत, मला शोधत.